'गद्यप्राय' ठरलेली कविता

चीनमध्ये साहित्याची चर्चासुद्धा कधी कधी पद्याच्या तोऱ्यात झाली. लेखन कसं घडतं याची मीमांसा लू जी (261–303) याने 'फू' या यमकबद्ध प्रकारात केली. पुढे इ.स. 500 च्या सुमारास लिउ श्येने साहित्यावर पन्नास प्रकरणांचा ग्रंथ लिहिला. तो गद्यात आहे खरा, पण एकमेकींना तोलून धरणाऱ्या जोडवाक्यांच्या गद्यात. यमक असलेलं ते 'वन' आणि नसलेलं ते 'बी', ही रूढ वाटणी तो नोंदवतो आणि ती अलीकडची आहे असंही सांगतो.

या नटव्या जोडगद्याला हान यू (768–824) विटला. त्याने प्राचीनांचं मोकळं गद्य पुन्हा प्रतिष्ठेला आणलं आणि तेच कवितेतही घुसवलं. पाच अक्षरांची ओळ एरवी दोन-तीन अशी तुटायची. त्याने ती तीन-दोन अशी तोडली. दक्षिणेच्या डोंगरांवरच्या दीर्घ कवितेत तर 'काही' अशा अर्थाच्या एकाच शब्दाने सुरू होणाऱ्या पन्नासेक ओळी आहेत. कानाला हे खटकतं, आणि मला वाटतं, ते खटकावं हीच त्याची इच्छा असणार.

अकराव्या शतकात यावर चांगलीच जुंपली. चुंबकसूचीबद्दल लिहिणारा शास्त्रज्ञ शन क्वो म्हणाला, हान यूची कविता म्हणजे यमक जुळवलेलं गद्य. दमदार आहे, पण कविता नव्हे. ल्यू हुइछिंगने उलट ठासून सांगितलं की कविता अशीच हवी. आणखी दोघे वादात पडले, एकेका बाजूने एकेक. तिढा काही सुटला नाही. तेराव्या शतकात यान यूने सोंग राजवटीच्या काळातल्या कवींना याच कारणासाठी फटकारलं: कवितेत गद्य, पांडित्य आणि युक्तिवाद भरला म्हणून.

सतराव्या शतकातल्या वू च्यावचा तोडगा मला सगळ्यांत रुचतो. आशय म्हणजे तांदूळ. गद्यात त्याचा भात होतो, कवितेत दारू. भातात दाणा ओळखू येतो, दारूत नाही.

मग 1915 मध्ये अमेरिकेत शिकणाऱ्या हू शने काव्यक्रांतीचा मार्ग सांगितला: कविता गद्यासारखी लिहा. मित्र मेइ ग्वांगदी चिडला. कवितेचे शब्द वेगळे, गद्याचे वेगळे, हा त्याचा आग्रह. हू शने आपल्या बाजूने पुरावा काढला तो सोंग कवींचाच, आणि 1920 मध्ये बोलीभाषेतल्या कवितांचा संग्रह छापून मोकळा झाला.