बेकरीच्या भट्टीचा दुसरा हिशेब

मुंबईत पहाटे पाववाला सायकल घेऊन दाराशी येतो, त्याच्या कितीतरी तास आधीपासून भट्टी तापलेली असते. या धंद्यात आपल्या समाजातील अनेक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. कोणी मालक म्हणून, कोणी भट्टीपुढे उभे राहणारे कारागीर म्हणून. 9 जानेवारी 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड व कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्या आणि खाद्यगृहे सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनाकडे वळविण्याचा आदेश दिला. तेव्हापासून बेकरीवाले एकत्र आले की एकच प्रश्न निघतो, खर्च किती वाढणार? प्रश्न रास्त आहे. परंतु त्याच्या जोडीला आणखी एक हिशेब ठेवावा, असे आम्ही सुचवू इच्छितो. आपल्या धंद्यापायी हवेत किती कर्बवायू जातो, याचा. इंग्रजी वृत्तपत्रांत ज्याला कार्बन फूटप्रिंट म्हणतात, तो हाच हिशेब.

हा केवळ बड्या कारखान्यांचा विषय आहे, असे समजू नये. सेबीच्या नियमानुसार 2022-23 पासून शेअर बाजारातील पहिल्या 1,000 कंपन्यांना पर्यावरणविषयक अहवाल द्यावा लागतो. त्यांत मोठ्या हॉटेल कंपन्याही येतात. आज त्यांना विचारले जाते, उद्या त्या आपल्या पाव-बिस्किटांच्या पुरवठादाराला विचारतील.

हिशेब करावा कसा?

यासाठी महागड्या सल्लागाराची गरज नाही. विजेचे बिल, इंधनाच्या पावत्या आणि मैद्याच्या खरेदीची वही पुरेशी आहे. चार आकडे लक्षात ठेवावेत. विजेच्या एका युनिटमागे आपल्या देशात सरासरी 0.7 किलो कर्बवायू निघतो, कारण अजून बरीचशी वीज कोळशापासून होते. एक लिटर डिझेल जाळले की सुमारे 2.7 किलो. 19 किलोच्या गॅस सिलिंडरमागे सुमारे 57 किलो. एक किलो लाकडामागे सुमारे पावणेदोन किलो.

उदाहरणादाखल एक बेकरी घेऊ. तिला महिन्याला 50 किलोच्या 100 गोण्या मैदा, 1,000 युनिट वीज, टेम्पोसाठी 100 लिटर डिझेल आणि 3,000 किलो लाकूड लागते. विजेचे 700 किलो आणि डिझेलचे 270, असे 970 किलो झाले. लाकडाचे होतात 5,250 किलो. याला गोण्यांनी भागावे. गोणीमागे वीज-डिझेलचे 9.7 किलो आणि लाकडाचे 52.5 किलो.

गोणीमागे हिशेब करण्याला कारण आहे. रमजानमध्ये माल वाढतो, नंतर उतरतो. शिवाय रमजान दरवर्षी सुमारे 11 दिवस अलीकडे येतो. त्यामुळे यंदाच्या मार्चची गेल्या मार्चशी तुलना केली तर फसगत होते. गोणीमागचा आकडा मात्र कोणत्याही महिन्यात खरे बोलतो.

लाकडाचा पेच

आता हीच बेकरी गॅसवर गेली आणि तिला महिन्याला 20 सिलिंडर लागले असे धरू. गॅसचे 1,140 किलो होतात. लाकडाचे 5,250 गेले आणि 1,140 आले, म्हणजे मोठी बचत दिसते. परंतु कर्बहिशेबाच्या आंतरराष्ट्रीय रीतीप्रमाणे लाकडाचा कर्ब वेगळ्या रकान्यात लिहितात, बेरजेत धरत नाहीत. झाड वाढताना त्याने तो हवेतूनच घेतलेला असतो, असे त्यामागचे तत्त्व. त्या रीतीने पाहिले तर आपला आकडा 970 वरून 2,110 वर गेला, म्हणजे दुपटीहून अधिक झाला!

म्हणूनच कोणी सांगेल की लाकूडच बरे. या युक्तिवादाला भुलू नये. तोडलेल्या झाडाच्या जागी दुसरे झाड वाढले तरच तो हिशेब जुळतो. आपल्या भट्टीत काय जाते, तेही आठवावे. अनेक ठिकाणी मोडक्या फर्निचरचे लाकूड, प्लायवूडचे तुकडे, रंगवलेल्या चौकटी स्वस्त पडतात म्हणून जाळल्या जातात. त्यांतला रंग आणि सरस यांचा धूर विषारी असतो. लाकडाच्या धुरातील सूक्ष्म कण फुफ्फुसात खोलवर जातात. कर्बाच्या वहीत या धुराला रकानाच नाही. पण तो सर्वांत आधी भट्टीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या कारागिराच्या छातीत जातो आणि नंतर वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडात. तेव्हा कर्बाची वही एक आणि धुराची दुसरी. दोन्ही पाहूनच निर्णय घ्यावा.

गॅस की वीज?

तितकीच उष्णता मिळवायची तर एका युनिटमागे पाइपच्या गॅसचा कर्ब सुमारे 0.2 किलो, सिलिंडरचा 0.23 आणि विजेचा 0.7. गॅसची निम्मी उष्णता धुराड्यातून वाया गेली असे धरले तरी आज कर्बाच्या दृष्टीने गॅस सरस ठरतो. जेथे पाइपलाइन पोहोचली आहे तेथे सिलिंडर साठविण्याची कटकटही वाचते. वीज मात्र दुकानात धूर करीत नाही. स्वतःचे छप्पर असेल तर एक किलोवॉट सौर संच दिवसाला सुमारे 4 युनिट देतो. त्याने ओव्हन चालणार नाही, पण दिवे, पंखे आणि पीठ मळण्याच्या यंत्राचा बराच भार हलका होईल.

बिनखर्चाच्या गोष्टी आधी

भट्टी बदलण्यास भांडवल लागते. व्याजाचे कर्ज नको असणाऱ्यांनी विक्रेत्याकडून ठरल्या किमतीचे हप्ते मागावेत किंवा चार-पाच बेकऱ्यांनी मिळून खरेदी करून भाव पाडून घ्यावा. जमातीच्या कर्ज-ए-हसना निधीतून अशा कामाला हात मिळाला तर तोही चांगला उपयोग होईल.

तोवर काही कामे उद्यापासून होऊ शकतात. भट्टी तापली की पाव, मग खारी-बिस्किटे, शेवटी उतरत्या उष्णतेवर टोस्ट असा क्रम नीट लावला तर दुसऱ्यांदा तापवावी लागत नाही. भट्टीचे दार घट्ट बसते का, विटांना भेगा आहेत का, ते पाहावे. 75 वॅटचे दहा पंखे काढून 30 वॅटचे लावले आणि ते रोज 12 तास चालले, तर महिन्याला 162 युनिट वाचतात. म्हणजे सुमारे 113 किलो कर्ब, आणि बिलातले रुपये वेगळेच.

सर्वांत मोठी गळती मात्र परत येणाऱ्या पावाची असते. त्या पावात मैदा, वीज, इंधन आणि टेम्पोचे डिझेल सगळे खर्ची पडलेले असते. कोणत्या दुकानातून किती लाद्या परत येतात, याची नोंद महिनाभर ठेवली तर कोठे माल कमी पाठवावा ते आपोआप कळेल.

न्यायालयाचा आदेश मुंबईपुरता आहे. भिवंडी, मालेगाव वा कोकणातल्या बेकरीवाल्यांनी मात्र आपल्या दारी हुकूम येण्याची वाट पाहू नये. माप-तोल चोख ठेवणे आणि इसराफ टाळणे ही व्यापाऱ्यासाठी आपल्या दीनची ताकीद आहे. शेजाऱ्याचा हक्कही त्यात येतोच, आणि त्याच्या खिडकीतून आत जाणारा धूर आपलाच आहे. येत्या पहिल्या तारखेपासून रोजमेळीच्या शेवटच्या पानावर चार ओळी वाढवाव्यात. युनिट, इंधन, गोण्या आणि परत आलेला पाव. तीन महिन्यांनी ते पान उघडले की भट्टीत काय जळते आणि गल्ल्यातले काय जळते, दोन्ही दिसेल.