क्यू आणि घड्याळ

पुणे जिल्ह्याचा वारसा : पुण्यात १९२२ साली जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ मध्ये कोलकात्यात आणि १९६४ मध्ये न्यूझीलंडमध्ये जागतिक हौशी बिलियर्ड्स विजेतेपद पटकावले. बारामती-इंदापूरच्या नवोदितांनी हे नाव जरूर लक्षात ठेवावे.

क्यू : स्नूकरचा क्यू सहसा ॲशच्या लाकडाचा आणि टिप ९ ते १० मिलिमीटरची, पूलचा मेपलचा, टिप १२ ते १३. पूलच्या जागतिक नियमांनुसार क्यू किमान ४० इंच लांब हवा; वजन २५ औंसांपेक्षा आणि टिप १४ मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही.

वेळ : पूलमध्ये शॉट क्लॉक लावल्यास प्रत्येक फटक्याला साधारण ३५ सेकंद मिळतात, शेवटचे १० उरले की इशारा मिळतो. स्नूकरमध्ये रेंगाळणाऱ्याला पंच आधी ताकीद देतात; तरीही सुधारणा नसेल, तर फ्रेम प्रतिस्पर्ध्याला देऊ शकतात.

निगा : प्रत्येक फटक्याआधी टिपेला खडू लावावा. उन्हात तापलेल्या गाडीत क्यू ठेवू नये, भिंतीला तिरका टेकवू नये; लाकूड वाकते. खेळताना फटक्याचा कोन आणि पांढऱ्या चेंडूची पुढची जागा टेबलावर वाकण्यापूर्वीच ठरवावी. वेळही वाचतो, नेमही सुधारतो.