डेस्कटॉपवर राहिलेला सातबारा

जुलै संपत आला की जिरायती पट्ट्यात दोन घाया एकदम सुरू होतात : राहिलेली पेरणी उरकायची आणि पीक विम्याचा अर्ज भरायचा. बारामती तालुक्यातलं लोणी भापकर याच पट्ट्यातलं. आधार, सातबारा, पासबुक, पेरणीचं स्वयंघोषणापत्र अशी कागदं पिशवीतून निघतात, सेवा केंद्रातल्या स्कॅनरखाली जातात, पावती हातात पडते. माणूस कागद मोजून पिशवीत घालतो आणि निघतो. कागद सगळे परत आलेले असतात. पण प्रत्येकाची एक प्रत मागे राहते, ‘स्कॅन ००४१’ असल्या कुठल्या तरी नावाने. ती कुणाकुणाला दिसते, याबद्दल बऱ्याच समजुती पक्क्या आहेत. त्या तपासून पाहू.

गैरसमज १ : कॉम्प्युटरला पासवर्ड आहे, म्हणजे आतलं सगळं सुरक्षित.

वस्तुस्थिती : पासवर्ड दाराचा असतो, आतल्या कपाटांचा नाही. छोट्या केंद्रांत, शाळेच्या लॅबमध्ये, पतसंस्थेच्या काउंटरवर बहुधा एकच खातं सकाळी उघडतं ते संध्याकाळपर्यंत तसंच चालू असतं. त्यावर ऑपरेटर बसतो, त्याचा भाऊ बसतो, कधी गर्दीत एखादा ओळखीचा पोरगाही बसतो. संगणकाच्या लेखी ही तिन्ही माणसं एकच. त्यामुळे कुणाला काय दिसावं हा प्रश्न त्याला पडतच नाही.

शिवाय लॉगिनचा पासवर्ड असला म्हणून डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद होत नाही. डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडली, की फायली सरळ वाचता येतात. त्याला अडवतं ते एन्क्रिप्शन, विंडोजमध्ये बिटलॉकर. ते वेगळं चालू करावं लागतं किंवा चालू आहे का ते पाहावं लागतं.

गैरसमज २ : प्रत्येकाला वेगळं खातं काढून दिलं, की एकाचं दुसऱ्याला दिसत नाही.

वस्तुस्थिती : कुठे ठेवलंय त्यावर अवलंबून आहे. विंडोजमध्ये डेस्कटॉप, डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स ही प्रत्येकाची घरची फोल्डरं. दुसऱ्या साध्या खात्याला ती मुळात बंद असतात. पण आपल्याकडे सवय काय? ‘सी ड्राइव्ह फॉरमॅट झाला तर जाईल, डी मध्ये ठेव.’ आणि डी ड्राइव्हची मूळ मांडणी अशी, की त्या यंत्रावर लॉगिन करणारा कुणीही तिथली फाईल वाचू शकतो, बदलूही शकतो. लोणी भापकरला जुनी दगडी पुष्करणी आहे. पुष्करणी सगळ्या गावासाठी बांधतात; तिच्या पायरीवर कुणी घरची ट्रंक नेऊन ठेवत नाही. डी ड्राइव्हवर आपण नेमकं तेच करतो. पेनड्राइव्हची गोष्ट आणखी सोपी : ते सहसा ज्या पद्धतीने फॉरमॅट केलेले असतात, तिच्यात मालकी आणि परवानगी नोंदवायची सोयच नसते. हातात आला त्याचा.

गैरसमज ३ : मी कुणालाच परवानगी दिली नाही, म्हणजे ती कुणाला नाही.

वस्तुस्थिती : फाईल जन्मते तेव्हाच तिच्या परवानग्या ठरलेल्या असतात, आणि त्या आपण ठरवलेल्या नसतात. लिनक्समध्ये हे उघड दिसतं. प्रत्येक फाईलसाठी तिथे तीन मंडळी मोजतात : मालक, गट आणि इतर. वाचण्याचे ४ गुण, लिहिण्याचे २, चालवण्याचा १; प्रत्येकाच्या गुणांची बेरीज हा त्याचा आकडा. फोल्डरच्या बाबतीत ‘चालवणे’ म्हणजे उंबरा ओलांडणे. नवी फाईल तयार होताना कुणाकडून काय काढून घ्यायचं, हे ‘युमास्क’ नावाचा आकडा सांगतो. अनेक वर्षांचा रूढ आकडा ०२२ : गट आणि इतर यांच्याकडून फक्त लिहिणं काढा. म्हणून फाईल होते ६४४ आणि फोल्डर ७५५. म्हणजे लिहिणार मालक, वाचणार सगळे.

उबुंटू या लिनक्सच्या प्रकारात तर प्रत्येकाचं घरचं फोल्डरही वर्षानुवर्षं असंच ७५५ होतं. एकाच यंत्रावरची माणसं एकमेकांच्या विश्वासातली, त्यांना देवाणघेवाण सोपी जावी, हा त्यामागचा विचार. एप्रिल २०२१ मधल्या २१.०४ या आवृत्तीपासून नव्या खात्यांसाठी ते ७५० झालं आणि इतरांना दार बंद झालं. पण जुन्या यंत्रावर नुसतं अपग्रेड केलं, तर आधीची फोल्डरं होती तशीच उघडी राहतात. ती हाताने बंद करावी लागतात : ‘सीएचमॉड ७००’ ही आज्ञा दिली की मालकाशिवाय कुणी आत नाही. अर्थात यंत्राचा ॲडमिन सोडून. त्याला कुठलंच दार अडवत नाही.

गैरसमज ४ : ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतोच की.

वस्तुस्थिती : तो पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्मवर्ष. शेजारीच त्याच माणसाचा शाळा सोडल्याचा दाखला स्कॅन करून ठेवलेला असेल, तर किल्ली कुलपालाच लटकलेली आहे. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने पत्रक काढलं होतं, त्यात सायबर कॅफेच्या संगणकावर ई-आधार उतरवू नका, उतरवलंच तर सगळ्या प्रती कायमच्या पुसा, असंही म्हटलं होतं. झेरॉक्स कुणाला देऊ नका या सूचनेवरून गदारोळ झाला आणि दोनच दिवसांत केंद्र सरकारने पत्रक मागे घेतलं. गदारोळात संगणकाबद्दलचा सल्लाही गेला. तो मात्र आजही पाळण्याजोगा आहे. चालत असेल तिथे मास्क्ड आधार द्यावं. त्यात क्रमांकाचे शेवटचे चारच आकडे दिसतात.

गैरसमज ५ : डिलीट केलं, इनकॉग्निटोत उघडलं, काम झालं.

वस्तुस्थिती : डिलीट केलेली फाईल रीसायकल बिनमध्ये जाऊन बसते. बिन रिकामी केली तरी जुन्या हार्ड डिस्कवर तिची जागा दुसऱ्या मजकुराने भरेपर्यंत ती परत मिळू शकते. इनकॉग्निटो फक्त ब्राउझरचा इतिहास आणि लॉगिन विसरतो. उतरवलेली पीडीएफ डाउनलोड्समध्ये तशीच राहते. आणि कागद पाठवायला व्हॉट्सॲप वेब जोडलं असेल, तर फोनमधल्या ‘लिंक्ड डिव्हायसेस’मध्ये जाऊन ते तोडावं.

गैरसमज ६ : ऑपरेटर आपल्यातलाच आहे, त्याच्यावर संशय कसा घ्यायचा?

वस्तुस्थिती : घेऊ नयेच. तो भला असतो, पण त्याचं यंत्र कधी दुरुस्तीला जातं, कधी जुनं म्हणून विकलं जातं. तिथे ओळख उपयोगाची नाही. केंद्र चालवणाऱ्याने ग्राहकांच्या कागदांसाठी एकच फोल्डर ठेवावं, ते आपल्या खात्यात ठेवावं, कामावर बसणाऱ्या दुसऱ्याला स्वतंत्र साधं खातं द्यावं आणि संध्याकाळी गल्ला मोजताना ते फोल्डर रिकामं करावं.

आणि आपण? पावती घेतल्यावर, खुर्चीवरून उठण्याआधी एवढंच म्हणायचं : “दादा, माझं स्कॅन तेवढं काढून टाका, शिफ्ट दाबून.” शिफ्ट दाबून डिलीट केलं की फाईल बिनमध्ये थांबत नाही. मग पिशवीतले कागद मोजावेत.