माणकातले रेशीम

माणिक खरे की खोटे, असे सराफाच्या पेढीवर विचारतो तेव्हा आपण दोन प्रश्न एकत्र करत असतो: दगड जमिनीत घडला का, आणि बाहेर आल्यावर त्याच्यावर काय केले गेले. पहिल्याचे उत्तर बरेचदा सूक्ष्मदर्शकात मिळते. व्हर्न्यूईलने १९०२ साली जाहीर केलेल्या रीतीने ज्वाळेत वाढवलेल्या माणकात वाढीच्या रेषा वक्र असतात, खाणीतल्या माणकात सरळ. घनता, काठिण्य आणि वक्रीभवनांक मात्र दोघांचे सारखेच, कारण दोन्ही ॲल्युमिनियम ऑक्साइडच. दुसरा प्रश्न अवघड आहे, आणि त्याचे उत्तर दगडाच्या दोषांतच शोधावे लागते. न तापवलेल्या माणकात बरेचदा रूटाइलच्या बारीक सुया असतात. जाणकार त्यांना रेशीम म्हणतात. भट्टीच्या तीव्र उष्णतेत हे रेशीम विरघळू लागते, सुयांच्या जागी तुटक ठिपके उरतात आणि आतल्या स्फटिकांभोवती तबकडीसारख्या चिरा पडतात. गिऱ्हाइकाला खटकणारा डाग म्हणजे परीक्षकाच्या हाती असलेला सर्वांत भक्कम पुरावा. म्हणूनच अगदी स्वच्छ, भडक लाल आणि स्वस्त माणिक समोर आले की आधी संशय घ्यावा.

यावर व्यापारी म्हणतात, बाजारातली बहुतेक माणके तापवलेलीच असतात, मग एवढा काथ्याकूट कशाला? म्यानमारमधल्या माँग शू खाणीच्या माणकांत निळसर गाभा असतो, तो तापवल्याशिवाय जात नाही. अशा तापवण्याने दगड टिकाऊच राहतो, हे मान्य. पण त्याच सबबीखाली चिरांत शिशाची काच भरलेली माणकेही खपतात. त्या काचेत हवेचे बुडबुडे आणि निळसर चमक दिसते. दागिना दुरुस्त करताना सोनाराच्या ज्योतीची धग लागली, किंवा लिंबाचा रस बराच वेळ राहिला, तरी ती खराब होते. दोन्ही दगडांना ‘ट्रीटेड’ हा एकच शब्द लावणे म्हणजे गिऱ्हाइकाची फसवणूक आहे.

डोळ्याचा अनुभवही इथे पुरत नाही. थायलंडमध्ये बेरिलियम मुरवून नारिंगी-पिवळे केलेले, माणकाच्याच कुळातले नीलम २००१-०२ च्या सुमारास बाजारात आले, तेव्हा मुरलेले परीक्षकही चकले. आज प्रयोगशाळांत लेसरने दगडाचा कण उडवून वस्तुमान-वर्णपटमापकात बेरिलियम दशलक्षांश प्रमाणात मोजतात. तरीही कमी तापमानावर तापवलेल्या काही दगडांत खूण उरतच नाही, आणि म्हणून चांगली प्रयोगशाळा दाखल्यात ‘तापवलेला नाही’ असे न लिहिता ‘तापवल्याची चिन्हे आढळली नाहीत’ असे लिहिते. ही कच खाणारी भाषा नव्हे, पुराव्यापुरतीच ग्वाही देण्याचा प्रामाणिकपणा आहे. ग्रहाच्या अंगठीसाठी महिन्यांची बचत मोडणाऱ्याने किमतीआधी दाखल्यावरची ही ओळ मागावी, आणि ती दाखवायला का-कू करणाऱ्या दुकानातून उठून यावे.