परमुलुखातील शिक्षिका आणि स्पॅनिश भाषा

हल्ली आपल्या कुटुंबांतील मुली शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी एकट्या परदेशी जातात, यात कोणास फारसे नवल वाटत नाही. मुलगी निघाली म्हणजे वडील मंडळी पैशाची, गरम कपड्यांची, खाण्यापिण्याची चिंता वाहतात. परंतु जेथे इंग्रजी चालत नाही अशा मुलुखात तिने तोंड कसे उघडावे, हा विचार बहुधा शेवटी होतो. आमच्या मते तो प्रथम व्हावयास हवा. या संबंधाने दक्षिण अमेरिकेतील आर्जेंटिना देशाचा एक जुना वृत्तांत वाचकांपुढे, विशेषतः वाचक-भगिनींपुढे, ठेवण्यासारखा आहे.

दोमिंगो सार्मिएन्तो हा त्या देशातील गृहस्थ मूळचा शिक्षक. १८४७ साली तो अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत गेला असता होरेस मान या शिक्षणधुरीणाशी त्याची गाठ पडली. सार्मिएन्तोस इंग्रजी नीट बोलता येईना, मानसाहेबांस स्पॅनिश येईना. तेव्हा त्यांच्या पत्नी मेरीबाई यांनी फ्रेंच भाषेतून दुभाष्याचे काम केले. या ओळखीस पुढे मोठे फळ आले. १८६८ साली सार्मिएन्तो आपल्या देशाचा अध्यक्ष झाला. दुसऱ्याच वर्षीच्या खानेसुमारीत दर शंभरांत सत्तराहून अधिक लोक निरक्षर आढळले. शाळा काढाव्या तर शिक्षक नाहीत, आणि शिक्षक तयार करावे तर त्यांस शिकविणारे नाहीत, असा पेच पडला. म्हणून त्याने अमेरिकेतून शिक्षिका आणविण्याचे ठरविले, आणि तोपर्यंत विधवा झालेल्या मेरीबाईंनी त्या निवडून पाठविण्याच्या कामी त्यास साह्य केले. १८६९ पासून सुमारे तीस वर्षांत पासष्टाच्या आसपास माणसे तिकडे गेली. त्यांत थोडे पुरुष सोडले तर सर्व स्त्रिया, आणि पुष्कळशा अविवाहित.

पहिली शिक्षिका मेरी गोर्मन १८६९ साली ब्युनोस आयर्स येथे उतरली. तिने सार्मिएन्तोच्या जन्मप्रांतात, सान हुआन येथे, जावे अशी त्याची इच्छा होती. परंतु वाटेतील धोके ऐकून ती राजधानीतच राहिली. तिला भित्री म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाही. तथापि दहा वर्षांनी, १८७९ साली, मेरी ग्रॅहम नावाची दुसरी शिक्षिका त्याच सान हुआनला गेली, तेथील अध्यापनशाळा तिने चालविली, आणि १८८८ साली ला प्लाता येथील नव्या शाळेची धुरा घेतली. ती शाळा आज तिच्याच नावाने ओळखली जाते.

यांपैकी पुष्कळ जणींस येताना स्पॅनिश येत नव्हते. त्याकरिता नव्या शिक्षिकांस प्रथम पाराना येथील अध्यापनशाळेत ठेवीत. १८८३ साली गेलेल्या जेनी हॉवर्ड या बाईंनी आपल्या आठवणी १९३१ मध्ये प्रसिद्ध केल्या आहेत. त्यांस तेथे चार महिने मिळाले. चार महिन्यांनी परक्या भाषेत वर्गापुढे उभे राहावयाचे! ज्याने जन्मभर खडू हाती धरला आहे, त्यासच यातील कठीणपणा कळेल. मुले गुरूचे अज्ञान क्षमा करतील, पण चुकलेला उच्चार करणार नाहीत.

स्पॅनिश भाषेचे काही विशेष येथे सांगितले तर अस्थानी होणार नाही. संस्कृतात 'गच्छामि' म्हटल्यावर 'अहम्' म्हणण्याचे कारण उरत नाही. तसेच स्पॅनिशमध्ये 'आब्लो' म्हणजे 'मी बोलतो', 'आब्लामोस' म्हणजे 'आम्ही बोलतो', सर्वनाम क्रियापदाच्या पोटातच. निर्जीव वस्तूंसही लिंग आहे: 'मेसा' म्हणजे मेज स्त्रीलिंगी, 'लिब्रो' म्हणजे पुस्तक पुल्लिंगी. वडीलधाऱ्यांस 'उस्तेद' हे आदरार्थी सर्वनाम. इंग्रजीत वाढलेल्या मुलीस ही सारी नवलाई. आपल्या मुलीस मात्र तिची सवय मातृभाषेनेच लावलेली असते. खरी अडचण आहे ती 'असणे' या क्रियापदाची. त्यास दोन धातू आहेत, एक स्वभाव व ओळख सांगणारा, दुसरा स्थळ व तात्पुरती अवस्था दाखविणारा. उच्चारही जपावयास हवा. 'कान्सादा' म्हणजे थकलेली आणि 'कासादा' म्हणजे विवाहित! एका नकाराने प्रवासी कुमारिकेचे लग्न लागावयाचे.

भाषेहून अवघड प्रसंगही आले. १८८४ साली कोर्दोबा येथील धर्माधिकारी खेरोनिमो क्लारा याने आज्ञापत्र काढले, की शिक्षिका प्रॉटेस्टंट असल्यामुळे कॅथॉलिक आईबापांनी मुली त्या शाळेत घालू नयेत. मुख्याध्यापिका फ्रान्सिस आर्मस्ट्राँग यांनी पोपच्या वकिलाची भेट घेतली. त्याने शाळेविषयी अटी घातल्या. सरकारास ही ढवळाढवळ वाटली, आणि ऑक्टोबरात त्या वकिलास देशाबाहेर घालविण्यात आले. रोमशी तुटलेला संबंध पुन्हा जुळण्यास १९०० साल उजाडावे लागले. मुलींच्या एका शाळेवरून केवढे हे प्रकरण! आईबापांची शंका आम्ही हास्यास्पद मानीत नाही. मुलगी कोणाच्या हाती सोपवावी, ही काळजी प्रत्येक घरात असतेच. परंतु अशा वेळी घरोघरच्या आयांशी त्यांच्याच भाषेत बोलता येणे, हाच परक्या शिक्षिकेचा खरा आधार होय.

म्हणून आमची गृहस्थांस विनंती आहे, की ज्या मुलीस स्पॅनिश बोलणाऱ्या देशी जावयाचे आहे, तिला निदान सहा महिने आधी ती भाषा रोज तासभर मोठ्याने वाचू द्यावी. घरातील कोणी तिच्या उच्चारांस हसू नये. शक्य तर आजोबांनी हाती पुस्तक धरून तिची क्रियापदे म्हणवून घ्यावी. रूपे पाठ करून घेण्याचा त्यांस पूर्वीचा अभ्यास आहेच.