पूर्णेच्या काठावरून भोसले कुळाचा मागोवा

कन्नडजवळ अजिंठ्याच्या डोंगररांगांत उगम पावून, सिंदखेड-देऊळगावचा मुलूख ओलांडून पूर्णा नदी जिंतूर तालुक्यात शिरते आणि येलदरीच्या धरणाशी अडून तिचा विस्तीर्ण जलाशय होतो. उगमाकडच्या अंगाला वेरूळ आहे, जेथे शहाजीराजांचे आजोबा बाबाजी भोसले यांचे घराणे पाटीलकी सांभाळून होते. वाटेवर सिंदखेड आहे, जेथे लखुजीराव जाधवांची देशमुखी होती. शहाजीराजे आणि जिजाबाई यांच्या विवाहाने ज्या दोन घराण्यांचे रक्त एकत्र आले, त्या दोहोंचा मुलूख ह्या एका नदीने जोडलेला आहे. धरणाच्या भिंतीवर उभे राहून वरच्या अंगाला पाहिले की माझ्या मनात दर वेळी एकच प्रश्न येतो: बाबाजींच्या मागे कोण?

प्रश्न साधा दिसतो, परंतु त्याच्या उत्तरासाठी साडेतीनशे वर्षांत जितके कागद पुढे आले तितके क्वचितच दुसऱ्या एखाद्या मराठी कुळासाठी आले असतील, आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी काशीच्या गागाभट्टांनी शिवाजीराजांच्या वंशाचा शोध करविला व हे कुळ उत्तरेकडून दक्षिणेस आलेले शिसोदे क्षत्रियांचे आहे असा निर्णय झाला, हे कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या काळात लिहून ठेवले. तेव्हापासून एक आक्षेप चालत आला आहे की, सिंहासनासाठी वंश हवा होता म्हणून तो तयार करण्यात आला. हा आक्षेप मला मान्य नाही, आणि त्याचे कारण भावनेचे नसून कागदाचे आहे. शहाजीराजांच्या दरबारातील कवी जयराम पिंड्ये याने आपल्या राधामाधवविलासचंपूत शहाजींचे वडील मालोजी यांचे कुळ दलीप राण्याच्या वंशाला नेऊन भिडविले आहे. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १९२२ साली प्रसिद्ध केलेला हा ग्रंथ राज्याभिषेकापूर्वीचा आहे. खुद्द शहाजीराजेही आदिलशाहास लिहिताना स्वतःस रजपूत म्हणवितात. तेव्हा परंपरा गागाभट्टांनी निर्माण केली नाही. ती घरात होती, त्यांनी तिच्यावर शास्त्राचा शिक्का मारला.

मात्र परंपरा जुनी असणे निराळे आणि तिच्यातील प्रत्येक पिढी सिद्ध असणे निराळे. जयरामाचा दलीप हा चितोडकडचा ऐतिहासिक पुरुष, की सूर्यवंशाचे नाव घेताच प्रत्येक संस्कृतज्ञ कवीच्या ओठांवर येणारा रघूचा पिता दिलीप, ह्याचा उलगडा त्या चंपूवरून होत नाही. पुढे १८०३ साली तंजावरच्या सरफोजी महाराजांनी बृहदीश्वराच्या मंदिरात भोसले वंशाचे चरित्र मराठीत पाषाणावर कोरविले. त्याच सुमारास साताऱ्यास मल्हार रामराव चिटणीस आपली बखर लिहीत होते. दोन्ही ठिकाणी एकाच कुळाच्या राजगाद्या, दोन्ही ठिकाणी दप्तर हाताशी, आणि तरीही मधल्या पिढ्यांची नावे मेळ खात नाहीत. पाषाणावर कोरल्याने वंशावळ अधिक टिकाऊ होते, अधिक खरी होत नाही.

सर्वांत मोठा वाद मुधोळच्या घोरपड्यांच्या दप्तरातून उठला. १९३४ साली दत्तात्रय विष्णु आपटे यांनी त्या घराण्याचा इतिहास प्रसिद्ध केला, आणि बहमनी व आदिलशाही फर्मानांच्या आधारे सज्जनसिंह, दिलीपसिंह अशी मालिका उग्रसेनापर्यंत व तेथून कर्णसिंह आणि शुभकृष्ण ह्या दोन भावांच्या शाखांपर्यंत येऊन पोहोचली. एकीतून घोरपडे, दुसरीतून भोसले. मालिका इतकी सुसंगत की वाचणारा हरखून जावा. परंतु जदुनाथ सरकारांसारख्या फारसी कागदांच्या जाणकाराने ही फर्मानेच अस्सल मानली नाहीत, आणि ज्या साखळीची सर्व भिस्त अशा कागदांवर आहे तिच्यावर तूर्त भार टाकता येत नाही, असे माझे मत आहे. याच्या उलट टोकाला रामचंद्र चिंतामण ढेरे यांनी शिखर शिंगणापूरच्या शंभुमहादेवावरील आपल्या ग्रंथात हे कुळ दक्षिणेकडून, होयसळ-यादवांशी नाते असलेल्या गवळी परंपरेतून आले असे मांडले. मालोजींनी शिंगणापुरास तळे बांधले, कुळाची निष्ठा त्या दैवताशी राहिली, हे सारे खरे. दैवत मात्र नात्याची दिशा दाखविते, नात्याच्या पायऱ्या दाखवीत नाही.

जाधवांचीही तीच गोष्ट. ते देवगिरीच्या यादवांचे वंशज म्हणवितात. यादवांचा शेवटचा राजा हरपाळदेव १३१८ साली मारला गेला आणि लखुजीरावांपर्यंत अडीचशेहून अधिक वर्षांची पोकळी उरते. त्याच देवगिरीच्या किल्ल्यात १६२९ साली निजामशाहाने लखुजीरावांस पुत्रांसह दग्याने ठार करविले, हे वाचताना वंशावळीचा वाद क्षणभर विसरायला होतो.

वंशावळीतील अशी पोकळी आपल्याकडेच आहे असे नाही. विलायतेत १५३८ साली थॉमस क्रॉमवेलने प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मा, लग्न व दफन यांची नोंद ठेवावी असा हुकूम काढला. तरीही तेथील कित्येक उमरावांनी नॉर्मन विजयापर्यंत नेलेल्या वंशावळी होरेस राउंड ह्या विद्वानाने अस्सल दप्तराशी ताडून खोट्या ठरविल्या. आपल्याकडे असे नोंदपुस्तक नव्हते. वतनाचे महजर होते आणि नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या होत्या. महजर भांडणात उभा राहतो, वही श्राद्धाच्या दिवशी भरली जाते, बखर दरबारासाठी लिहिली जाते. कागद कोणत्या गरजेतून जन्मला हे आधी विचारल्याखेरीज त्याचे ऐकू नये.

आणि विचारले तर कागद उत्तर देतात, याचा दाखला ह्याच घराण्यात आहे. शिवजन्माचे साल बखरींमुळे दीर्घकाळ १६२७ मानले गेले. पुढे टिळकांच्या प्रयत्नाने उजेडात आलेली जेधे शकावली, सदाशिव महादेव दिवेकर यांनी १९२७ साली छापलेले परमानंदाचे शिवभारत, आणि जोधपूरकडील जन्मकुंडली, असे परस्परांस न ओळखणारे तीन साक्षीदार शके १५५१ च्या फाल्गुन वद्य तृतीयेवर एकत्र आले, आणि २००१ पासून शासनानेही १९ फेब्रुवारी १६३० हीच तारीख मानली. बाबाजींच्या मागच्या पिढ्यांसाठी असे तीन साक्षीदार अद्याप मिळालेले नाहीत. खुद्द मालोजी इंदापुरास कोणत्या साली पडले ह्यावरही १६०६ पासून १६२२ पर्यंत मते आहेत. म्हणून माझा निर्णय असा की, बाबाजींपासून पुढची वंशावळ शाईने लिहावी, शिसोदे वंशाची परंपरा राज्याभिषेकाहून जुनी परंपरा म्हणून तिच्या शेजारी नोंदवावी, आणि मधल्या जागा कोऱ्या ठेवाव्यात.

ह्या जागा भरणारा कागद पुण्याच्या वा तंजावरच्या दप्तरातच निघेल असे नाही. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता, त्यामुळे येथले मोडी, फारसी आणि उर्दू कागद संशोधकांच्या नजरेखालून फारसे गेलेले नाहीत. आणि येलदरीच्या जलाशयापायी ज्या घरांना गाव सोडावे लागले, त्यांच्या पेट्यांतील बाडे स्थलांतरात विखुरली. जिंतूर, सेलू, मंठा, लोणार, सिंदखेड ह्या पट्ट्यातील ज्या वाचकाच्या घरी महजर, सनद किंवा देशमुखी-पाटीलकीचा एखादा जुना बंद असेल, त्याने तो वाळवीच्या हवाली करू नये, नदीत विसर्जित करू नये. मोडी जाणणाऱ्याकडून तो वाचून घ्यावा, त्याची छायाप्रत भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेस द्यावी, आणि मूळ कागद आपल्या घरीच जपून ठेवावा.