‘बेअरबोन’ संगणक : जोडणी अर्ध्या तासाची, पण खरी कसोटी खरेदीची

नवी दिल्ली : मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा थांबवला. त्यानंतर विंडोज ११ न चालू शकणारे जुने संगणक बदलण्याचा प्रश्न अनेक घरांपुढे उभा राहिला. त्यावरचा एक पर्याय म्हणजे ‘बेअरबोन’ प्रकारातील छोटा डेस्कटॉप घरीच जोडणे. हे काम एका स्क्रू-ड्रायव्हरने होते. मात्र एखादा सुटा भाग चुकीचा निवडला गेला, तर संगणक सुरूच होत नाही.

डब्यात काय असते?

बेअरबोन म्हणजे संगणकाचा केवळ सांगाडा. त्यात पेटी, मदरबोर्ड आणि वीजपुरवठ्याचा अडॅप्टर मिळतो. रॅम, साठवणुकीची एसएसडी आणि ऑपरेटिंग सिस्टीम स्वतंत्रपणे घ्यावी लागते. ‘नक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या छोट्या संचांत प्रोसेसर बोर्डावर पक्का बसवलेला असतो, तर इतर काही संचांत तोही ग्राहकालाच निवडावा लागतो. जाहिरातीत दिसणारी किंमत म्हणूनच पूर्ण संगणकाची नसते.

दुसऱ्या प्रकाराचे परिचित उदाहरण म्हणजे एएसरॉक कंपनीचा २०२० मधील ‘डेस्कमिनी एक्स३००’. सुमारे साडेपंधरा सेंटिमीटर लांब-रुंद आणि आठ सेंटिमीटर जाडीच्या या पेटीत एएमडीचा एएम४ सॉकेटचा, ६५ वॅटपर्यंतचा प्रोसेसर बसतो. वीज १२० वॅटच्या बाह्य अडॅप्टरमधून येते.

एका अक्षराचा फरक

या पेटीत स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाला जागा नाही. त्यामुळे प्रोसेसरमध्येच ग्राफिक्सची सोय असणे अनिवार्य ठरते. ‘रायझन ५ ५६००जी’ मध्ये ती आहे, ‘रायझन ५ ५६००’ मध्ये नाही. नावातील ‘जी’ हे एक अक्षर नजरेतून सुटले, तर सर्व भाग उत्तम असूनही पडद्यावर काहीच उमटत नाही.

दुसरी अडचण उंचीची. या पेटीत ४६ मिलिमीटरपर्यंत उंचीचाच कूलर मावतो. ५६००जी सोबत मिळणाऱ्या नेहमीच्या कूलरची उंची सुमारे ५४ मिलिमीटर असते. त्यामुळे कमी उंचीचा कूलर घेण्याची तरतूद आधीच करावी लागते.

तिसरी बाब रॅमची. येथे लॅपटॉपमध्ये वापरली जाणारी, ‘एसओ-डीआयएमएम’ आकाराची डीडीआर४ रॅम लागते. याच मालिकेतील नंतरच्या ‘एक्स६००’ ला मात्र डीडीआर५ हवी. दोन्हींची खाच वेगळ्या ठिकाणी असल्याने एक दुसऱ्याच्या जागी बसत नाही. प्रोसेसरमधील ग्राफिक्स हीच रॅम वापरत असल्याने १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८ जीबीच्या दोन पट्ट्या घेणे अधिक वेगवान ठरते.

चौथी बाब बायोसची. ५६००जी हा प्रोसेसर २०२१ मध्ये, म्हणजे पेटीनंतर आला. दुकानातील जुन्या साठ्यातील पेटीत जुना बायोस असेल, तर ती नवा प्रोसेसर ओळखत नाही. उत्पादकाच्या संकेतस्थळावरील सुसंगत भागांच्या यादीत प्रोसेसरसमोर किमान बायोस आवृत्ती दिलेली असते. पेटीतील बायोस त्या आवृत्तीचा आहे, याची विक्रेत्याकडून खात्री करून घेणे श्रेयस्कर.

जोडणीचा क्रम

काम सुरू करण्यापूर्वी अडॅप्टर काढून ठेवावा आणि अंगावरील स्थिर वीज निघून जाण्यासाठी भूसंपर्क असलेल्या धातूला हात लावावा. उत्तर भारतातील कोरड्या हिवाळ्यात ही काळजी अधिक आवश्यक असते. गालिचा किंवा लोकरीच्या कपड्यावर जोडणी करू नये.

प्रथम सॉकेटची तरफ उचलून प्रोसेसरच्या कोपऱ्यावरील त्रिकोण सॉकेटवरील त्रिकोणाशी जुळवावा. एएम४ प्रोसेसरला १,३३१ नाजूक पिना असतात. तो स्वतःच्या वजनानेच खाली बसला पाहिजे, दाबू नये. त्यानंतर वाटाण्याएवढी थर्मल पेस्ट लावून कूलर घट्ट करावा आणि पंख्याची तार जोडावी. रॅम तिरकी सरकवून ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत खाली दाबावी. २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब एम.२ एसएसडीही तिरकीच सरकवून एका स्क्रूने बसवावी.

झाकण लावण्याआधी एकदा संगणक सुरू करून एफ२ कळीने बायोस उघडावा. रॅमची पूर्ण क्षमता, एसएसडीचे नाव आणि प्रोसेसरचे तापमान तेथे दिसले, तर जोडणी योग्य झाली असे समजावे. पडदा काळाच राहिल्यास वीज बंद करून रॅमची एकच पट्टी बसवून पाहावी.

विंडोजचा परवाना विकत घ्यावा लागतो. लिनक्सच्या बहुतेक आवृत्त्या विनामूल्य असून पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने विकसित केलेली ‘बॉस’ ही प्रणालीही त्यांत आहे. मराठी टंकलेखनासाठी इनस्क्रिप्ट कळफलक विंडोज आणि लिनक्स, दोन्हींत उपलब्ध आहे.

वॉरंटी सुटी, दुरुस्तीही सुटी

तयार संगणकाची वॉरंटी एकाच कंपनीकडे असते. येथे प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी असते. दिल्लीतील नेहरू प्लेस, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, बंगळुरूचा एस. पी. रोड किंवा चेन्नईची रिची स्ट्रीट, खरेदी कोठेही केली तरी प्रत्येक भागाचा अनुक्रमांक नोंदलेले बिल घेणे आवश्यक आहे. अडॅप्टर बदलावा लागल्यास त्यावर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आणि ‘आर’ ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा.

या विखुरलेल्या जबाबदारीचा लाभ दुरुस्तीच्या वेळी मिळतो. रॅम बिघडली, तर केवळ रॅम बदलता येते आणि एसएसडी अपुरी पडली, तर दुसरी जोडता येते. जुन्या संगणकातील चांगल्या स्थितीतील अडीच इंची ड्राइव्हही या पेटीत वापरता येते. उरलेला जुना संगणक भंगारात न देता, १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे सोपवावा. तत्पूर्वी त्यातील माहिती पुसून टाकावी.